चाळीसवरची लाल रेघ

मी एक जुनी मोजपट्टी आहे. ओढ्यात उभं राहून पाणी किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम होतं. मित्रांनो, तेवढंही माझ्या हातून नीट झालं नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पांढरा पत्रा, सेंटिमीटरचे काळे आकडे आणि चाळीसवर एक लाल रेघ. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या पाणचक्कीत गावकऱ्यांनी छोटं टर्बाइन बसवलं होतं. ओढ्याचं पाणी तिकडे वळवायचं आणि शाळेपुरती वीज करायची; धूर नाही, राख नाही. मात्र परवान्यात अट होती. पाणी लाल रेघेखाली गेलं की टर्बाइन बंद करून सगळं पाणी ओढ्याला द्यायचं, कारण खालच्या अंगाला ट्राउट मासे राहतात. म्हणजे कायद्याची ती अट माझ्याच अंगावर रंगवलेली होती, आणि मी त्याचा तोरा मिरवत असे.

टर्बाइनची देखभाल पुरुषोत्तमकाका करत. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कमालीचे काटेकोर. रोज सकाळी नऊला येऊन ते माझा आकडा वहीत उतरवत. "आज बावन्न. चालू ठेवायला हरकत नाही," असं मलाच सांगत.

२००५च्या शरदात वादळी पावसाने ओढा फुगला आणि मी उपटले गेले. पट्टी परत बसवायची तर पुलावरच्या पितळी खुणेपासून उंची मोजावी लागते, त्यासाठी सर्व्हेअर बोलवावा लागतो. काकांनी बोलवला नाही. चाळीस वर्षं मशिनं जुळवलेला माणूस एका पट्टीसाठी दुसऱ्याला कशाला हाक मारेल? त्यांनी माझं टोक जुन्याच जागी तळाला टेकवलं आणि बोल्ट आवळले. पण पुराने तिथला तळ वीतभर खरवडून नेला होता. मी वीतभर खाली उभी राहिले आणि पाणी वीतभर जास्त दाखवू लागले.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. पण सांगू कशी?

पुढच्या जुलैमध्ये दहा दिवस उन्हाने कहर केला. मी पंचेचाळीस दाखवत होते तेव्हा खरं पाणी पंचवीसही नव्हतं. काका घाम पुसत म्हणत, "कायद्यात आहोत आपण." टर्बाइन फिरत राहिलं. खालच्या अंगाला ओढ्याच्या वळणापलीकडचं मला दिसत नव्हतं, पण राखी बगळे एकामागून एक तिकडे उतरत होते. इतके बगळे कशासाठी जमतात ते मला ठाऊक होतं. एखादी फांदी अंगावर कोसळावी, मी आडवी व्हावी, म्हणजे तरी कोणी शंका घेईल, म्हणून मी दिवसभर तळमळत होते. त्या दहा दिवसांत साधा वाराही सुटला नाही.

शेवटी कुणीतरी मेलेला मासा पाहून फोन केला. परवान्यांवर देखरेख ठेवणारी ईशिता आली. इथेच जन्मलेली, वाढलेली मुलगी. तिने पुलावरच्या खुणेपासून माप घेतलं आणि काकांना वळणापर्यंत नेलं. परतल्यावर काकांनी वही उघडून तिच्यापुढे धरली.

"मी एक दिवस रीडिंग चुकवलं नाही गं," ते म्हणाले.

"काका, रीडिंग तुम्ही बरोबर घेतला. पण डाउनस्ट्रीम एकदा पण चालून नाही बघितला?"

"पट्टी सांगत होती ना, लेव्हल ओके आहे म्हणून."

काकांनीच जाऊन टर्बाइन बंद केलं. पाणी खळखळत ओढ्यात उतरलं, पण त्याची वाट पाहणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

आता मी चक्कीच्या भिंतीला टेकून असते. नवी पट्टी सर्व्हेअरने बसवली आहे. काका पुन्हा इकडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, नियम चांगला होता, काका सज्जन होते आणि वीजही स्वच्छ होती. तरी मासे मेले. म्हणून विनवते, पट्टी वाचा, पण सगळं तिच्यावर सोपवून घरी जाऊ नका. पाण्याच्या काठाने थोडं पुढे चालत जा. माझ्यापासून त्या वळणापर्यंत फक्त वीस पावलं होती, आणि त्या दहा दिवसांत ती कोणीच चाललं नाही.