साकिबची गांडुळं

“हातमोजे काढ,” रईसा म्हणाली.

दीपकने मान वर केली. जिन्याखाली ठेवलेल्या निळ्या क्रेटसमोर तो उकिडवा बसायचा प्रयत्न करत होता, पण सळई घातलेला उजवा पाय पुरता दुमडत नव्हता. त्याने रबरी हातमोजे काढून बाजूला ठेवले. ओलं गोणपाट उचललं आणि खालचं काळं, दमट शेणखत दिसताच तोंड फिरवलं.

“घाल हात. मोठी तळाशी असतात.”

त्याने डोळे मिटून हात घातला. बोटांना काहीतरी वळवळतं लागलं तसा तो खांद्यापर्यंत शहारला. मूठ वर आली तेव्हा तिच्यातून एक लांब, लालसर गांडूळ मनगटावर लोंबत होतं. ते कसंबसं वाटीत टाकून तो लंगडत मोरीकडे गेला. सकाळचं सगळं खाल्लेलं बाहेर पडलं. रईसा जिन्याला टेकून उभी होती. पाण्याचा हंडा तिच्या हाताशीच होता. तिने तांब्या भरून दिला नाही.

“झालं असेल तर ये,” ती म्हणाली. “अजून लागतील.”

साकिब तिचा एकुलता एक मुलगा. जळगावातच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्याला नाद एकच, अ‍ॅक्सोलॉटलचा. परदेशातला, बेडकांच्या जातकुळीतला हा प्राणी, पण जन्मभर पाण्याबाहेर येत नाही. अंग पांढुरकं, मानेशी गुलाबी पिसांसारखे कल्ले, आणि तोंडाची ठेवण अशी की सतत हसतोय असं वाटावं. साकिबने तो पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या सोबतीने आणला आणि त्याचं नाव ठेवलं नवाब. नवाबला खायला जिवंत गांडुळं लागत. बाहेरची आणावीत तर कुठल्या शेतातली, काय फवारलेली, सांगता येत नाही. म्हणून जिन्याखाली क्रेट आला, झुलाल दूधवाल्याच्या गोठ्यातलं शेण आलं, केळीच्या खांबाचे तुकडे आले.

दीपक साकिबचा शाळेपासूनचा मित्र. पण त्या क्रेटच्या वाऱ्याला तो उभा राहत नसे. साकिब मुद्दाम बोटावर गांडूळ घेऊन त्याच्यामागे अंगणभर पळे, दीपक ओरडत गच्चीवर चढे, आणि पोळ्या लाटणाऱ्या रईसाला हसू आवरत नसे.

हिवाळ्यात दोघं मोटारसायकलवर धुळ्याहून परत येत होते. गाडी दीपक चालवत होता. एरंडोलच्या पुढे केळीच्या ट्रकला मागे टाकायची त्याला घाई झाली. त्याचा पाय मोडला. साकिब दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

साकिबचा चाळिसावा दिवस झाल्यावर दीपक कुबडी घेऊन दारात आला.

“अम्मी,” तो म्हणाला. साकिबचं ऐकून तोही तिला तसंच म्हणायचा.

“मला अम्मी म्हणू नकोस.”

चूक माझीच, हे त्याने पोलिसांना स्वतःहून सांगितलं होतं. खटला उभा राहणार होता.

“कोर्ट काय करायचं ते करेल,” तो म्हणाला. “पण तुम्ही सांगाल ते मी करीन. काहीही सांगा.”

रईसाचा नवरा खाजा, गाद्या शिवणारा अबोल माणूस, आतून उठून आला आणि त्याला बसायला सांगणार होता. रईसाने त्याला हाताने थांबवलं. तिची नजर जिन्याखाली गेली होती.

“दर शनिवारी यायचं,” ती म्हणाली. “साकिबचं काम तू करायचं.”

शनिवारी दीपकच्या पाइप कारखान्याला सुट्टी असे. तो येऊ लागला. खत चाळायचं, कोरडं झालं तर पाणी शिंपडायचं, क्रेटच्या पायांखालच्या वाट्यांमध्ये मुंग्या अडवायला पाणी भरायचं, आठवडाभराची गांडुळं निवडून डब्यात ठेवायची. त्या डब्यातली मधल्या दिवसांत खाजा चिमट्याने नवाबला भरवी. दीपक आला की रईसा जिन्याच्या पायरीवर बसे. झुलालकडून ती आता मुद्दाम ओलं, ताजं शेण मागवू लागली. टरबुजाच्या साली क्रेटमध्ये टाकण्याआधी उन्हात सडू देई. दीपक ओकारी दाबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, ओठ पांढरे पडायचे. ती तेवढं बघून घेई, मग उठून स्वयंपाकाला लागे. आठवड्यात तिला त्याच एका दिवशी नीट भूक लागत होती.

“पुरे कर आता,” खाजा एकदा म्हणाला.

“का? पुरं झालं?”

खाजाने सुई पुन्हा कापडात घातली.

मे महिना आला. जळगावचं ऊन नवाबला सोसणारं नव्हतं. दिवसभर त्याच्या टाकीवर पंखा लागे, पाण्यात बर्फाच्या बाटल्या फिरत. एका शनिवारी रईसाला तिच्या भाचीकडे, मिसबाहकडे जावं लागलं. मिसबाहला मूल झालं होतं. दुपारपर्यंत राहायचं ठरलं होतं, पण बाळाला बघायला मिसबाहच्या सासरचे लोक आले, घर भरलं, आणि रईसा लवकर निघाली.

गल्लीत रिक्षातून उतरली तेव्हा तिला हसणं ऐकू आलं. तिच्याच अंगणातून येत होतं.

तिने दार हळूच ढकललं. दीपक क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. खाजा त्याच्या शेजारी, जमिनीवर. दोघांमध्ये चहाचे कप होते. दीपकने खताचा गोळा तळहातावर फोडला.

“हे बघा चाचा, ही अंडी. मोहरीपेक्षा थोडी मोठी. आणि हे पिल्लू, दोऱ्याएवढं. साकिब म्हणायचा, पिल्लं दिसली की समजायचं, आपलं घर त्यांना मानवलं.”

“असं म्हणायचा?”

“हो. मला म्हणायचा, दीप्या, तुझ्यापेक्षा यांना अक्कल आहे.”

खाजा पुन्हा हसला. मुलगा गेल्यापासून रईसाने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. दीपकने बोटाने ते पिल्लू अगदी हलक्या हाताने परत खतात सोडलं.

ती पुढे झाली.

“आता किळस नाही येत तुला,” ती म्हणाली.

दीपक उठला. हात अंगामागे घेतले. “नाही, चाची. सवय झाली.”

“आवडतं?”

तो खोटं बोलू शकला असता. त्याने खाजाकडे पाहिलं आणि मान डोलावली. “आठवडाभर कुठेच मन लागत नाही. इथे हात घातला की जरा...”

“मग पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस.”

दीपकला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा ओकताना कधी उतरला नव्हता इतका उतरला.

“चाची, मारा मला. गल्लीत उभं करून मारा. पण हे नका काढून घेऊ.”

“हात धू आणि जा.”

तो मोरीवर गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. कोपराने डोळे पुसत तो लंगडत बाहेर पडला आणि दार लावायचं विसरला. रईसाने ते लावलं, कडी घातली. इतके महिने तिला जे बघायचं होतं ते आज दिसलं होतं. तिने स्वतःसाठी चहा टाकला, त्यात साखर जास्त घातली आणि खाजासमोर बसून सगळा प्यायला.

खाजा तिच्याशी बोलेनासा झाला. वाद घातला नाही, भांडला नाही. शनिवार आला तसा तो सकाळीच दुकानात जातो म्हणून गेला. रईसा बाजारात गेली. परत आली तर नवाबच्या टाकीचं टेबल रिकामं होतं. लाकडावर ओला चौकोन होता, वरचा पंखा रिकाम्या जागेवर वारा घालत होता.

खाजा भर दुपारी आला. सदरा भिजलेला होता.

“कुठे आहे नवाब?”

“दीपककडे नेऊन दिला. रिक्षाने.”

“कोणाला विचारून?”

“तो साकिबचा होता,” खाजा म्हणाला. “मी साकिबचा बाप आहे.”

रईसा उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरला तो तिने सावरला नाही.

“काय म्हणाला तो?”

“काही नाही. पाणी किती थंड ठेवायचं, विचारत होता.”

“त्याला सगळं माहीत आहे.”

“हो. तरी विचारत होता.” खाजा टेबलाकडे बघत होता. “खाणं मी इथूनच नेत जाईन.”

ती जिन्याखाली गेली. क्रेटच्या कडा धरून तिने तो ओढला. वजन होतं, पण ती थांबली नाही. अंगणाच्या मधोमध, जिथे फरशी तव्यासारखी तापली होती, तिथे तिने तो आडवा केला. काळं खत धपकन पडलं, पसरलं.

“आता न्या,” ती म्हणाली. “काय न्यायचं ते न्या.”

खतातून गांडुळं बाहेर आली. आधी दोन-चार, मग पुष्कळ. सावली शोधत निघालेली, फरशीला लागताच पिळवटून उसळणारी. खाजा दारातच थांबला. ऊन तिच्या डोक्यावर होतं. एक गांडूळ तिच्या चपलेपर्यंत आलं, वळलं, आणि धुळीत माखून हळूहळू थंडावत गेलं.

रईसा बघत राहिली. मग एकदम गुडघ्यावर बसली. खताच्या कडेला वळवळणारं एक तिने नुसत्या हाताने उचललं आणि क्रेटमध्ये टाकलं. मग दुसरं. मग ओंजळीने, खतासकट, भराभर. बांगड्यांत चिखल गेला. दोऱ्याएवढी पिल्लं बोटांना चिकटत होती, त्यांना ती क्रेटच्या कडेवर पुसून आत सोडत होती.

खाजा बादली भरून घेऊन आला.

“पाणी ओतू नका,” मान वर न करता ती म्हणाली. “बारकी वाहून जातील.”