भाऊजींनी बंद केलेलं कार्ड

लॉन्ड्रीतला फोन इस्त्रीच्या टेबलावर असायचा. मालकीणबाई दिवसभर मागच्या खोलीत डाग काढत. कोपरापर्यंत रबरी मोजे आणि त्यांना औषधाचा उग्र वास. त्या हातांनी त्यांनी फोन धरला की पुढे तो कुणाला कानाला लावावासा वाटत नसे. म्हणून फोन मामांकडे. इस्त्रीवाले मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण त्या रस्त्यावर त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नसे.

साबण, हँगर, पिशव्या, सगळा माल बाईंच्या क्रेडिट कार्डावर यायचा आणि तो मागवायचं काम त्यांच्या दिरांचं. यजमान गेले तेव्हा हे भाऊजी वहिनींना आधार द्यायला म्हणून गल्ल्यावर येऊन बसले, ते बसलेच. आधाराचा भार वहिनींनी उचलला. माल मागवताना कार्डाचा आकडा टाकून झाला की भाऊजी जागेवरूनच विचारत, “आला का?” मामा इस्त्री उभी करत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि बँकेचा निरोप पहिल्या अक्षरापासून वाचत. अर्धवट काम त्यांना खपत नसे. “हा क्रमांक कोणालाही सांगू नका,” हे ते खड्या आवाजात सांगत आणि मग क्रमांक त्याहून खड्या आवाजात. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईकही तो ऐके आणि आपल्या सदऱ्याची घडी बघत उभं राही.

यातली मजा अशी की फसवणुकीवर व्याख्यानं देण्यात भाऊजींचा हात कुणी धरला नसता. कोट टाकायला आलेल्या म्हाताऱ्याला ते पावती नंतर देत, सल्ला आधी. अनोळखी फोन उचलू नये, बँक कधी नंबर विचारत नाही, लोभ वाईट. शेवटचं वाक्य म्हणताना ते म्हाताऱ्याच्या पिशवीतलं बिस्कीट खात असत.

एका दुपारी भाऊजी जेवायला घरी गेले असताना फोन वाजला. मामांचा एक हात इस्त्रीवर, म्हणून त्यांनी फोन टेबलावरच मोठ्या आवाजावर लावला. पलीकडचा माणूस घाईत होता. कार्डावर कुणीतरी हात मारतंय, थांबवायला हवं, आत्ता एक निरोप येईल, असं काहीबाही तो बोलला आणि मग म्हणाला, “आला का?”

मामांच्या कानांना तेवढंच पुरलं. त्यांनी इस्त्री उभी केली, चष्मा खाली घेतला आणि निरोप पहिल्यापासून वाचला. कोणालाही सांगू नका, हेसुद्धा त्या चोराला सांगितलं.

पैसे गेल्याचा निरोप लगेच आला आणि मामांनी तोही इमानानं वाचला. बाई मागून धावत आल्या. भाऊजींना बोलावणं गेलं. ते तोंड पुसत आले, फोन आणि कार्ड ताब्यात घेतलं, म्हणाले, “वहिनी, तुम्ही यात पडू नका. मी बंद करतो.” मग पाठ करून बराच वेळ बोटं चालवत बसले. बाईंना वाटलं, कार्ड बंद करायला वेळ लागत असेल. एखादा डाग नाही का चिवट निघत?

संध्याकाळी भाऊजींनी निकाल सांगितला. पैसे दोनदा गेले, एक रक्कम मोठी, दुसरी त्याहून मोठी. आपणच नंबर सांगितला म्हटल्यावर बँक हात वर करणार. पोलिसांत जाऊन दुकानाचीच शोभा. तेव्हा ज्यानं वाचलं त्यानं भरावं. मामांचा अर्धा पगार वर्षभर कापावा, आणि त्यांना ते जमत नसेल तर इस्त्रीला माणसं पुष्कळ मिळतात.

मामांनी एकदाच विचारलं, “मी तर नंबर एकदाच वाचला. दुसरा कोणी वाचला?”

“चोराला एकदा वाट दाखवली की तो पुन्हा विचारत बसतो का?” भाऊजी म्हणाले.

बाई मोज्यांची बोटं ओढत राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा वाट पाहिली आणि घडी करायला घेतलेला सदरा पुरा केला. सगळ्या रस्त्याला बातमी कळली. ती पोचवायलाही भाऊजीच होते, आणि प्रत्येक सांगण्यात मामा थोडे अधिक बहिरे आणि थोडे अधिक लबाड होत गेले. गिऱ्हाइकं आता खिशात विसरलेली नाणी आपल्यासमोर मोजून मागू लागली. मामा ती टेबलावर ठेवत आणि हात मागे घेत.

आठवडा उलटला असेल. दुकानापुढे टेम्पो थांबला आणि दोन माणसांनी एक अवाढव्य खोकं दारातून तिरकं करून आत आणलं. खोक्यावर मालिश करणाऱ्या खुर्चीचं चित्र होतं. तीत डोळे मिटून पडलेला माणूस. खाली भाऊजींचं नाव आणि दुकानाचा पत्ता. त्या कार्डाला पत्ता दुकानाचाच जोडलेला होता, नेहमी साबण तिथंच येई. भाऊजी नाव घालायला चुकले नव्हते. पत्ता बदलायचा मात्र राहिला.

“कधी मागवली?” बाईंनी टेम्पोवाल्याला विचारलं. त्यानं पावती बघून दिवस सांगितला, तो पैसे गेले तोच. वेळही सांगितली, भाऊजी पाठ करून बोटं चालवत होते ती.

भाऊजी आधी म्हणाले, लॉटरी लागली. मग म्हणाले, चोरानं आपलं नाव घातलं असणार, बघा किती निर्ढावलेले असतात. मग आवाज मऊ करून म्हणाले, “वहिनी, गेलेच होते ना पैसे? खड्डा पडलाच होता. त्यात माझं थोडं गेलं तर कळणार कुणाला? माझी कंबर तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीही बसा की कधीमधी.”

बाईंना रोज ओकारीचे, रक्ताचे, कशाकशाचे डाग हाताळायची सवय. नाक न मुरडता त्या वास घेऊन डाग ओळखत. त्या बाईंनी पदर नाकाला लावला.

त्या तशाच बँकेत गेल्या. टेबलापलीकडच्या बाईनं विचारलं की तक्रार त्याच दिवशी का नाही केली. लगेच कळवलं असतं तर पहिली रक्कम बहुधा वाटेतच अडवता आली असती. आता ती पुढं निघून गेली. बाईंना उलगडा झाला. चोराची तक्रार केली असती तर चौकशीत खुर्चीही निघाली असती. म्हणजे भाऊजींनी आपली खुर्ची वाचवायला चोरालाही वाचवलं, आणि दोघांचं ओझं मामांच्या पाठीवर ठेवलं. परतीच्या वाटेवर त्या दोनदा थुंकल्या. दुसऱ्यांदा स्वतःवर, कारण त्या संध्याकाळी मामा त्यांच्याकडे बघत उभे होते, तेव्हा त्या नुसते मोजे ओढत राहिल्या होत्या.

दुकानात शिरल्यावर त्या भाऊजींना एवढंच म्हणाल्या, “गल्ल्याची किल्ली ठेवा आणि घरी जा. कंबर घरीच बरी होते.” भाऊजी रक्ताच्या नात्याबद्दल बोलू लागले. बाईंनी दार उघडून धरलं आणि मोजे घातलेल्या हातानं बाहेरचा रस्ता दाखवला. जाताना भाऊजींनी गल्ल्यावरच्या बरणीतलं शेवटचं बिस्कीट उचललं. ते बाईंनी पाहिलं आणि सोडून दिलं.

मग इस्त्रीच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “मामा, पगार पुरा मिळेल. आणि मी चुकले.”

“त्या दिवशी म्हणायचं होतं, बाई,” मामा म्हणाले. इस्त्री चालूच होती.

खुर्ची परत न्यायला टेम्पो आला. परत नेण्याचा नंबर फोनवर येईल, तो मला सांगावा लागेल, असं टेम्पोवाला म्हणाला. फोन टेबलावर थरथरला. गिऱ्हाईक, टेम्पोवाला, सगळे सवयीनं मामांकडे पाहू लागले. मामांनी मान वर केली नाही. बोटानं फोन टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, बाईंच्या बाजूला.

बाईंनी मोजे काढले. साबणानं हात धुतले, पुसले. फोन उचलून निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचला, तो खुर्चीचाच आहे याची खात्री केली, आणि टेम्पोवाल्याच्या जवळ जाऊन तेवढा क्रमांक हळूच सांगितला.