खिशातली निळी चिठ्ठी

"खिसे रिकामे करायला काय हात मोडतात का या माणसाचे!"

नवऱ्याचा शर्ट बादलीत बुडवण्याआधी खिसा चाचपत मी स्वतःशीच करवादले. खिशातून चार घड्या घातलेला कागद निघाला. त्याचा फिका निळा रंग बघून माझे हात थबकले. ती आमच्या चर्चमधली प्रार्थनेची चिठ्ठी होती.

मुलगी गेल्यापासून तीन वर्षं दर शनिवारी मी अशी कोरी चिठ्ठी ह्यांच्या उशाशी ठेवत आले होते. मनात सलत असेल ते लिहायचं, नाव घालायचं नाही आणि पेटीत टाकायचं. रविवारी पाळक वाचतात, सगळे आमेन म्हणतात. दुसऱ्याची चिठ्ठी मात्र कुणी उघडायची नाही, हा आमच्याकडचा नियम.

पण आमच्या साहेबांना देव नको, मनःशांतीचं शिबिर हवं! लिफ्ट दुरुस्त करून करून ह्यांना वाटायला लागलं होतं की मनाचाही कुठलातरी स्क्रूच ढिला असतो. आरशावर कागद चिकटवलेला, 'मी शांत आहे'. आणि त्याच आरशात दाढी करताना रोज गाल कापून घ्यायचे.

"तुझा देव आला का गं पोरीला वाचवायला?" असं एकदा म्हणाले होते.

"आणि तुमचे ते शिबिराचे सर? ते आले होते वाटतं?"

त्यावर दोन दिवस अबोला.

खरं सांगायचं तर देवाला तरी कुठल्या तोंडाने विचारणार? पोरीला दम्याचा झटका आला तेव्हा घरात ती एकटी होती. मी नर्स, माझा फोन वॉर्डातल्या लॉकरमध्ये. संध्याकाळी बघितलं तर तिचे चार फोन येऊन गेलेले. हे लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते, तिथे रेंज नसते, असं ह्यांनी सांगितलं. मग उरलं कोण? मीच. दर रविवारी गुडघे टेकून मी माफी मागत होते. रडून घरी आले की हे पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "स्वतःला माफ कर. सोडून दे."

म्हणून ती चिठ्ठी बघून डोळे भरून आले. अखेर देवाकडे वळला माणूस! ह्यांना विचारलं असतं तर लाजून फाडून टाकली असती. मी न उघडता ती पर्समध्ये ठेवली आणि रविवारी सकाळी चर्चच्या पेटीत टाकली.

पाळकांनी दोन चिठ्ठ्या वाचल्या, मग तो निळा कागद उलगडला. चार घड्यांचा. मी हात जोडून पुढे सरकून बसले.

"'मुलीला दम लागला तेव्हा तिने मला सहा वेळा फोन केला. मी मनःशांतीच्या शिबिरात डोळे मिटून बसलो होतो. फोन खिशात थरथरत होता. सर म्हणाले होते, काहीही जाणवलं तरी हलू नका, जाऊ द्या. मी जाऊ दिलं. बायकोला सांगितलं, लिफ्टच्या खड्ड्यात होतो.'"

पाळकांनी कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "या बापाला प्रभू शांती देवो."

सगळे आमेन म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला कोपर मारलं. "म्हण गं. बिचारा कोण असेल."

माझं तोंड उघडलं नाही.

घरी आले तर ह्यांनी धुण्याची टोपली उपडी केलेली.

"माझ्या शर्टात एक कागद होता."

"चर्चमध्ये वाचला. सगळ्यांसमोर."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तो जाळायचा होता. शिबिरात सांगितलं होतं, लिहा आणि जाळा. समोर तू ठेवलेली कोरी चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं. पण काडी ओढवेना."

"आणि मी माफी मागत होते तेव्हा? तेव्हा तोंड उघडवेना?"

हे मटकन खुर्चीत बसले. हमसून हमसून रडले. मी उभीच. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाले, "लोक आमेन म्हणाले?"

"म्हणाले."

"आणि तू?"

"नाही."

ह्यांनी मान हलवली. मग डोळे मिटले, आणि बघते तर काय, माणूस घोरायला लागला! तीन वर्षं गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नव्हता ज्याचा, तो भर दुपारी खुर्चीत गाढ झोपला. मेली कसली ही शांती! माझी तीन वर्षं कोण परत देणार होतं?

बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. "अगं, लिफ्ट परत आवाज करतेय. जरा तुझ्या मिस्टरांना पाठव ना!"

"हळू बोला काकू," मी म्हणाले. "झोपलेत."

दार लावून आत आले. उन्हाची तिरीप थेट ह्यांच्या डोळ्यांवर येत होती. मी पडदा ओढला, वॉर्डात कुठल्याही पेशंटसाठी ओढते तसा.