डाव्या हाताची कुंडी

व्याही संध्याकाळी यायचे होते आणि नाकसाहेब दुपारपासून घरभर हिंडत होते. खिडकीपाशी जायचं, पडदा हुंगायचा, परत यायचं. खुर्चीत बसायचं आणि बूड टेकतंय न टेकतंय तोच उठायचं.

"अहो, एका जागी बसा की जरा," बायको म्हणाली. "मुलीचे सासरे यायचेत, पोलीस नव्हेत."

"पोलीस परवडले. ते आपलं मत विचारत नाहीत."

बायकोने पाहुण्यांसाठी खोली आवरली होती. रबराच्या झाडाची भली मोठी कुंडी दारातून उचलून तिने नाकसाहेबांच्या नेहमीच्या खुर्चीशेजारी, डाव्या हाताला आणून ठेवली होती. दिसायला छान दिसत होतं. पुढे काय होणार हे त्या झाडालाही ठाऊक नव्हतं.

नाकसाहेब हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं. बर्बनच्या कारखान्यात ते मिश्रणाचे प्रमुख होते. बर्बन म्हणजे मक्याची दारू. आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या लाकडी पिंपांत ती वर्षानुवर्षं मुरते, आणि एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं शेजारीशेजारी ठेवली तरी सख्ख्या भावांसारखी वेगवेगळी निघतात. एक तापट, एक गोडबोलं, एखादं नुसतंच वयाने मोठं. त्यांचं आपसात जुळवून द्यायचं हे नाकसाहेबांचं काम. म्हणजे तसं लग्न जुळवण्याचंच, फक्त इथे ज्याचं जमत नाही त्याला गुपचूप मागच्या रांगेत ढकलता येत असे.

या कामाची एक शिस्त होती. रोज सकाळी नमुन्यांचे पेले मांडलेले असायचे. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, मान डावीकडे वळवायची आणि तिथे ठेवलेल्या पितळी भांड्यात थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. गिळणारा माणूस दुपारपर्यंत सगळ्याच पिंपांचं कौतुक करू लागतो. नाकसाहेबांनी उभ्या नोकरीत थेंब गिळला नाही. घरीही नाही, कारण उद्याचं नाक आज खराब करायचं नसतं. बायको चारचौघांत अभिमानाने सांगायची, "यांना कशाचं म्हणून व्यसन नाही." लोक विचारायचे, "वा! कामाला कुठे असतात?" मग ती विषय बदलायची.

निवृत्त झाल्यावर खरं म्हणजे त्या नाकाने आराम करायला हवा होता. पण नाकाला कोणी तसं कळवलं नव्हतं. ते उशा हुंगे, जिना हुंगे, शेजाऱ्यांचा नवा रंग हुंगे. शिवाय एक काळजी मनातून जात नव्हती. जाता जाता नाकसाहेबांनी एक भारीतलं मिश्रण जुळवलं होतं आणि त्यात सगळ्यात म्हातारं पिंप हट्टाने घातलं होतं. नव्या साहेबाने विचारलं होतं, "जरा जास्त होत नाही ना?" नाकसाहेब ठणकावून "नाही" म्हणाले होते, आणि तेव्हापासून स्वतःलाच विचारत होते, की जरा जास्त तर नाही ना झालं?

पण आजची धाकधूक वेगळी होती. व्याह्यांचा सोफे बनवण्याचा धंदा. लग्न ठरवायला गेले तेव्हा व्याह्यांनी नाकसाहेबांना मोठ्या कौतुकाने दुकानातल्या सगळ्यात देखण्या सोफ्यावर बसवलं. नाकसाहेबांनी एक श्वास घेतला आणि सवयीने निकाल देऊन टाकला, "गोंद ओला आहे अजून. आणि आतला फोम जुना."

लग्न झालं, पण त्यानंतर व्याह्यांनी या घरात पाऊल टाकलं नाही. मुलीने माहेरचं नाव काढलं की सासरी जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम मीठ मागू लागत. बिचारीने मीठ पुढे सरकवत दिवस काढले आणि शेवटी सासऱ्यांना राजी केलं. सकाळीच तिचा फोन आला होता.

"बाबा, ते आपणहून येतायत. तुमच्यासाठी काहीतरी घेऊन येतायत. जे देतील त्याला छान म्हणा. बास. दुसरं काही बोलू नका."

"आणि छान नसलं तर?"

"बाबा, मला त्या घरात राहायचंय."

ते आले. व्याही धिप्पाड, कपडे कडक इस्त्रीचे, चेहराही तसाच. मागून मुलगी, आत येताच बापाकडे डोळे वटारणारी. चहा-पाणी झालं, हवापाणी झालं, रस्त्यावरच्या गर्दीची यथेच्छ निंदा झाली. मग व्याह्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

नाकसाहेबांनी ती ओळखली. म्हाताऱ्या पिंपाचं मिश्रण.

"सूनबाई म्हणाली, हे तुमच्या हातचं शेवटचं," व्याही घसा साफ करत म्हणाले. "म्हटलं, दुसरं काय न्यायचं? ज्याचं त्यालाच पाजू."

एवढं मऊ वाक्य व्याह्यांनी बहुधा पहिल्यांदाच तयार केलं असावं. मुलीचे डोळे भरून आले. बायकोने पेले आणले. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने ओतली. नाकसाहेबांनी पेला उजेडात धरला. मधासारखा रंग. नाकाशी नेला. व्हॅनिला, भाजलेली साखर, जळक्या लाकडाची धग, आणि मागून कुठूनतरी डोकावणारं ते म्हातारं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, जिभेवर फिरवला. समोर व्याही आहेत, मुलगी आहे, हे सगळं ते विसरले. मान डावीकडे वळली.

पिचकारी कुंडीत अचूक बसली.

रबराच्या झाडाचं एक पान हलत राहिलं.

व्याही उभे राहिले. "सूनबाई, चल."

"अण्णा, अहो, ऐका तरी," मुलगी कशीबशी म्हणाली.

"काय ऐकू? तिकडे माझ्या सोफ्याला नावं ठेवली. इथे मी प्रेमाने ओतलेलं, माझ्या तोंडावर थुंकले!"

"तोंडावर नाही, कुंडीत," नाकसाहेब म्हणाले. अचूकपणाचा इथे काही उपयोग झाला नाही.

"अहो, त्यांना सवय आहे हो," बायकोने मधे पडून पाहिलं.

"पाहुण्यांसमोर थुंकायची?"

व्याही दारापर्यंत पोचले. मुलीने बापाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पुढच्या कित्येक जेवणांचं मीठ होतं.

"थांबा हो," नाकसाहेब ओरडले. "मला गिळता येत नाही!"

व्याही वळले. "म्हणजे? घशाचं काही...?"

"घसा ठणठणीत आहे. गिळलीच नाही कधी. कामावर थुंकायची, घरी घ्यायची नाही. मान आपोआप वळते."

व्याही दारातच उभे राहिले. रागावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दया उतरताना फार चमत्कारिक दिसते.

"एकदाही नाही? इतकी वर्षं?"

"एकदाही नाही."

"मग गिळल्यावर मागून कशी लागते, ते तुम्हाला कसं कळतं?"

नाकसाहेबांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. नेमका हाच प्रश्न घेऊन ते इतके दिवस पडदे हुंगत होते.

व्याही परत आले. "अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे मी रोज सोफे करतो आणि बसतो मात्र स्टुलावर, तसं झालं हे." त्यांनी बाह्या वर सारल्या, ती अवजड कुंडी एकट्याने उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आणि तिच्या जागी खुर्ची ओढून स्वतः बसले. "आता मागे टेका. नाक बाहेर काढा त्या पेल्यातून. तपासायला नाही बसलाय तुम्ही. हं, घ्या."

नाकसाहेबांनी घोट घेतला. जिभेवर फिरला. मान डावीकडे वळली.

डावीकडे, हातभर अंतरावर, व्याह्यांचा चेहरा होता.

बायकोने पदर तोंडावर धरला. मुलगी श्वास घ्यायची थांबली. व्याही जागचे हलले नाहीत. पापणी तेवढी एकदा लवली. नाकसाहेबांचे गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. आणि मग त्यांनी गिळलं.

छातीतून एक ऊब खाली उतरत गेली, सावकाश, जणू कोणी आतल्या खोल्यांतून दिवे लावत चाललंय. गोडवा मागे राहिला. आणि अगदी शेवटी, सगळे निघून गेल्यावर, ते म्हातारं पिंप आलं आणि घशाशी ठाण मांडून बसलं. कडू. जरा जास्तच झालं होतं.

"कशी आहे?" व्याह्यांनी विचारलं.

मुलगी डोळ्यांनी 'छान, छान' म्हणत होती.

"शेवटी कडवट आहे," नाकसाहेब म्हणाले. मुलीने डोळे मिटून घेतले. "चूक माझीच आहे. हट्टाने घातलं मी ते."

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, चूक कसली! तेवढ्यासाठीच तर दुसरा घोट घ्यावासा वाटतो! नुसती गोड असती तर लहान मुलांना वाटली असती."

नाकसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रिकामा पेला पुढे केला. व्याह्यांनी ओतली. आज पहिल्यांदाच नाकसाहेबांची पाठ खुर्चीला टेकली होती. पाय मात्र अजून हलत होता.

थोड्या वेळाने व्याही त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "एक सांगू? त्या दिवशी गोंद ओलाच होता."

"फोमसुद्धा..." हे नाकसाहेबांच्या जिभेवर आलं होतं. पण तोंडात घोट होता आणि समोर मुलगी. त्यांनी घोट गिळला, आणि त्याच्याबरोबर फोमही.