पन्हळीखालची तुळई

मित्रांनो, अमेरिकेतल्या अस्टोरिया गावाच्या चढावर, नदीकडे तोंड केलेल्या एका घराच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांच्या जमिनीखाली माझे आयुष्य गेले. मी फर नावाच्या झाडाच्या लाकडाची जुनी तुळई. आज अंगणातल्या गवतावर पडून आहे आणि बोटाने दाबले तरी माझा भुगा होतो.

अर्वो निस्कानेन नावाच्या सुताराने मला लाकूड कापायच्या गिरणीतून निवडून आणले, उन्हाळाभर वाळवले आणि मगच घरात बसवले. आमच्याकडे पाऊस महिनोन्‌महिने थांबत नाही. म्हणून दर शरदात अर्वो शिडी लावून छपराच्या पन्हळीतला काडीकचरा काढी. तो होता तोवर माझ्या अंगाला थेंब लागला नाही.

तो गेला. त्याची म्हातारी बायको सिल्वी आणि मुलगा रेइनो घरात उरले. पन्हळ तुंबली. पाणी भिंतीवरून उतरू लागले. त्यातच रेइनोने फुलझाडांसाठी भिंतीला टेकून मातीचा ढीग घातला. मी भिजले, मऊ झाले, आतून कुजले. मग मुंग्या आल्या. त्यांचा मला राग नाही. सुक्या लाकडाकडे त्या फिरकतही नाहीत.

उन्हाळा सरताना पंख फुटलेल्या मुंग्या खिडकीत आल्या. सिल्वीने एक चिरडून हुंगली.

"रेइनो, पिवळी आहे, लिंबासारखा वास येतोय. या ओल्या लाकडात राहतात. खाली उतरून बघ रे."

"आई, मुंगी आहे ती, अस्वल नाही."

"पन्हळ तरी साफ कर. तुझे बाबा करायचे."

"बाबांना दुसरा उद्योग नव्हता."

"आणि तुला आहे? मासे धरायला बरा पहाटे उठतोस!"

रेइनो हसला. त्याने औषध फवारले, फटी बुजवल्या, वरून रंग दिला. मुंग्या दिसेनाशा झाल्या. घरातला त्यांचा विषय संपला. मी मात्र भिजतच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी सिल्वी कॉफीचा कप घेऊन मोरीपाशी आली आणि माझ्याने तिचा भार पेलवला नाही. फळ्या खचल्या. तिच्या खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यातून तिला वृद्धाश्रमात नेले. ती या घरात परत आली नाही.

मला उपटून बाहेर फेकले, तेव्हा रेइनो शेजाऱ्याला म्हणाला, "मुंग्यांनी घर खाल्लं. बाबांनी लाकूडच हलकं घातलं असणार."

अर्वोला हे ऐकावे लागले नाही. मी ऐकले.

मित्रांनो, घरात अशा मुंग्या दिसल्या, तर औषधाची बाटली नंतर शोधा, आधी ओल कुठून येते ते शोधा. भिंतीला माती टेकू देऊ नका. गळका नळ, तुंबलेली पन्हळ उद्यावर टाकू नका.

माझ्या जागी काल नवी तुळई बसवली. गोरी, कोरी, वासाला गोड. आज सकाळपासून पाऊस लागला आहे आणि पन्हळीवरून पाणी भिंतीवर उतरते आहे. तिला अजून ते कळलेले नाही.