मानपत्रातलं ‘आपण’

हॉस्पिटलच्या ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. पत्रं, सूचना, फलक लिहिणं हे तिचं काम, आणि कागद हाती पडला की ती आधी शब्द छाटायला बसे. ‘रुग्णांच्या नातेवाइकांनी पादत्राणे निर्दिष्ट स्थळीच ठेवण्याची दक्षता घ्यावी’ हा जुना फलक तिने उतरवला आणि ‘चपला इथे काढा’ एवढंच लिहिलं. दुसऱ्याच दिवशी चपलांची सरळ रांग लागली. तेव्हापासून तिची मान जरा ताठच असे.

एकदा अधीक्षकांनी तिला बोलावलं. “लाँड्रीचे मुकादम महिनाअखेर निवृत्त होताहेत. मानपत्र द्यायचंय. तूच लिही, तुझी भाषा लोकांच्या गळी उतरते.”

मुकादमांना तिने लांबूनच पाहिलं होतं, चादरींची गाडी ढकलताना. म्हणून ती तळघरात गेली. वाफेने भिंतींना घाम फुटला होता. चार बायका चादरींच्या घड्या घालत होत्या. मुकादम मोठ्या ड्रममधून लहान मुलांच्या वॉर्डातल्या चादरी काढून पुन्हा स्वच्छ पाण्यात टाकत होते.

“मामा, तुमच्याबद्दल लिहायचंय.”

“माझ्याबद्दल काय लिहिणार? साबणाबद्दल लिही, तो जास्त झिजलाय.”

“या तर धुऊन झाल्यात ना? मग पुन्हा पाण्यात का?”

“साबण राहिला तर लेकरांचं अंग खाजतं.” वाळलेल्या ढिगातली एक चादर उचलून त्यांनी गालाला लावली. “हाताचं कातडं केव्हाच मेलंय. गालाला अजून कळतं.”

मग बायकाच सांगत सुटल्या. चादरीत गुंडाळून आलेली एक कवळी मुकादमांनी चार वॉर्ड पालथे घालून मालकाच्या तोंडापर्यंत पोचवली होती. पाइप फुटला तेव्हा दोन दिवस हाताने चादरी धुतल्या, पण एकही ऑपरेशन अडू दिलं नाही. ती ऐकतच राहिली. इतकी वर्षं आपल्या पायाखाली हा माणूस होता आणि आपल्याला पत्ता नाही!

वर येऊन तिने एका बैठकीत मानपत्र लिहून काढलं. ‘मामा, तुम्ही निघालात, आता आमचे डाग कोण काढणार?’ अशी सुरुवात. टायपिस्ट काकू वाचताना पोट धरून हसल्या. “झकास! अगदी घरचं वाटतं गं.”

आता फक्त रुजू झाल्याची तारीख हवी होती. तिने मुकादमांची फाइल मागवली आणि सहज चाळायला घेतली. छत्तीस वर्षांचे कागद. ‘तुला कळविण्यात येते की’. ‘तू विनापरवानगी गैरहजर राहिलास’. ‘सदर इसमास समज देण्यात यावी’. मध्येच कोणा डॉक्टरांचं पत्र चुकून टाचलेलं होतं: ‘आपण कृपया आपल्या सोयीने यावे.’ तिने ते पत्र आणि मुकादमांची एक नोटीस शेजारी शेजारी ठेवली. तोच शिक्का, तीच सही, आणि वर्षही तेच.

घरचं बोलणारे त्यांना पुष्कळ होते. अख्खी लाँड्री त्यांना मामा म्हणत होती. कागदावर मात्र या माणसाला कोणी एकदाही मानाने हाक मारली नव्हती.

तिने आपला मसुदा फाडला. काकू ओरडल्या, “अगं, वेड लागलं का तुला?”

“काकू, हे मला शोभलं असतं. त्यांना नाही.”

पुढचे तीन दिवस ती घाम गाळत होती. जे शब्द तिने जन्मभर छाटले, तेच आता एकेक करून निवडायचे होते, आणि त्यांना फुगूही द्यायचं नव्हतं.

समारंभ दुपारी, जेवणाच्या हॉलमध्ये झाला. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेला बसले होते. ती वाचू लागली. “मान्यवर महोदय, आपण छत्तीस वर्षे या रुग्णालयाची वस्त्रे स्वच्छ केली...”

“थांब, थांब,” मुकादम म्हणाले. “आपण म्हणजे मी आणि तू? तू तर परवा एकदा खाली आलीस, आणि तीही हात न भिजवता!”

हॉलभर हशा पिकला. अधीक्षकही हसले. ती लाजली, पण कागद खाली ठेवला नाही. “नाही मामा. आपण म्हणजे तुम्ही. एकटे तुम्ही. मोठ्या माणसांना लिहितात तसं.”

मुकादमांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी हात पुढे करून कागद घेतला आणि ती ओळ बोट ठेवून स्वतः वाचली. पुन्हा वाचली.

“चांगलं लिहिलंस,” ते शेवटी म्हणाले. “फक्त ते वस्त्रे काढ. मी चादरी धुतल्या. चादरीच लिही.”

तिने तिथेच पेनाने शब्द खोडला, वर ‘चादरी’ लिहिलं आणि ‘केली’चं ‘केल्या’ केलं. इतकी अचूक दुरुस्ती तिच्या मसुद्यात आजवर कोणी केली नव्हती.

मागून लाँड्रीतल्या बायकांपैकी एकीने विचारलं, “मामा, आमचं नाव नाही का त्यात?”

“आहे की,” मुकादम कागद जपून धरत म्हणाले. “माझ्यापुरतं वाचलं तर ‘आपण’ म्हणजे मी. तुम्ही वाचाल तेव्हा सगळे आपण.”