चालकाच्या दाराला कान

डोळे मिटा आणि जमिनीखालून धावणाऱ्या एका जुन्या गाडीचा पहिला डबा समोर आणा. टोकाला राखाडी दार, दारापलीकडे चालक. त्या दाराला कान लावून सात वर्षांची एक मुलगी उभी आहे. आई जाईल तिथे मागोमाग, म्हणून घरात सगळे तिला शेपटीच म्हणत. आता गाडी चालवत होती तीही तिची आईच.

"कान चिकटेल हं," आजोबा म्हणाले. "मग दारासकट शाळेत जावं लागेल."

"शू, आजोबा! ऐकू द्या ना."

तेव्हाच्या चालकांची एक रीत होती. बोगद्यात सिग्नलचा दिवा दिसला की त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि रंग मोठ्यानं म्हणायचा. ऐकायला कुणी नसलं तरी. म्हणजे चूक होत नाही. शेपटीला ते सगळं पाठ होतं. तापलेल्या लोखंडाचा वास, काळ्या भिंतीवरून पळणाऱ्या तारा आणि दाराआडून आईचा आवाज. तिचे कितीतरी रविवार असेच गेले होते.

मग एकदा वळणापाशी बोगद्यात धूर कोंडला. भरलेली गाडी घेऊन आई तासभर अंधारात अडकली. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर तीन महिने ती गाडीत चढली नव्हती. आज पहिला दिवस.

"नाही जमलं, तर तिकीटखिडकीवर बसेन कायमची," सकाळी बुटाची नाडी बांधताना आई म्हणाली होती. नाडी दोनदा सुटली होती.

"हिरवा. चला," दाराआडून आलं. मग, "पिवळा. हळू." शेपटीचे ओठ सोबत हलत होते.

तेच वळण आलं. "लाल. थांबा." गाडी थांबली.

दाराला काचेची एक अरुंद पट्टी होती. शेपटीनं टाचा उचलल्या. थोड्या वेळानं लाल विझला, हिरवा लागला. दाराआड मात्र शांतता. मागे कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकलं.

"आजोबा, हिरवा झालाय. आई बोलत का नाही? मी सांगू तिला?"

आजोबा पिशवीचा बंद पिळत होते. त्यांनी दारावरच्या पाटीकडे मान वळवली. "चालकाशी बोलायचं नाही, बाळा. नियम आहे."

शेपटीनं पाटी वाचली. अगदी सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.

मग तिनं काचेतून त्या दिव्याकडे बोट रोखलं आणि दिव्यालाच, सगळा डबा वळून बघेल एवढ्या मोठ्यानं, आईच्या सुरात सांगितलं,

"हिरवा. चला."